सध्याच्या साहेबांना कळू न देता रेफरन्स कसे द्यायचे?

सातबावन्नची_फास्ट

बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एका खासगी बँकेत क्रेडिट ऑपरेशन्सच्या, म्हणजे कर्जाच्या फाइलींच्या कामाच्या, जागेसाठी मुलाखतीचे तीन राउंड झाले. आता एचआरने फॉर्म पाठवलाय, शुक्रवारपर्यंत भरून द्यायचा आहे. त्यात तीन प्रोफेशनल रेफरन्स मागितलेत आणि त्यातला एक 'करंट रिपोर्टिंग मॅनेजर'चा हवा असं छापलंय. ऑफर लेटर अजून हातात नाही. सध्याच्या ठिकाणी नोटिस पिरियड ९० दिवसांचा.

नोकऱ्या अशा: २०१६ ते २०१९ एका फायनान्स कंपनीत, ती पुढे दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. २०१९ ते २०२२ काम एका बँकेच्या ठाण्याच्या ऑफिसात, पण पगार थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे बँक नाही, बाहेरची एजन्सी द्यायची. त्यानंतर सध्याची नोकरी, लोअर परळला.

साहेबांचा नंबर द्यायचा नसेल तर त्या रकान्यात लिहायचं काय? पहिल्या कंपनीचं नावच उरलं नाही, तिथली पडताळणी कोण करणार? पेरोलवाल्या एजन्सीत मला ओळखणारं कोणी नाही, मग रेफरन्स बँकेच्या मॅनेजरचा चालेल का? आणि ज्यांची नावं देणार त्यांना आधी काय काय सांगून ठेवायचं?

पार्ल्याची_भरती

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. तुमच्या प्रश्नांत त्या एकमेकींत मिसळल्यात.

एक म्हणजे रेफरन्स चेक. यात नव्या ठिकाणची एचआर किंवा तुमचे होणारे साहेब एखाद्या माणसाला फोन करून तुमच्याबद्दल मत विचारतात. दुसरं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे बीजीव्ही. ते बहुतेक वेळा बाहेरची एजन्सी करते. ती जुन्या कंपनीच्या एचआरला मेल टाकून रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा आणि एम्प्लॉयी आयडी जुळवते. तुम्ही कामाला कसे होतात हे तिथे सहसा कोणी विचारत नाही. फॉर्ममधली तीन नावं पहिल्या प्रकारासाठी आहेत. विलीनीकरण आणि पेरोल हा सगळा दुसऱ्या प्रकारातला विषय.

आता साहेबांचा नंबर. ऑफर हातात नसताना तो द्यायचा नाही, आणि बँकांच्या एचआरला हे नवीन नसतं. पण ही गोष्ट फोनवर सांगून सोडू नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. रिक्रूटर तोंडी 'हो हो, नाही करणार' म्हणते, पुढे फॉर्म एजन्सीकडे जातो, आणि एजन्सीतला मुलगा फक्त फॉर्म वाचतो. त्याला तुमचं बोलणं माहीतच नसतं. म्हणून रकान्यातच लिहा: 'ऑफर स्वीकारून राजीनामा दिल्यानंतरच संपर्क करावा.' फोन नंबर आणि मेलची जागा रिकामी सोडा. फॉर्म ऑनलाइन असेल आणि रिकामी जागा घेत नसेल, तर त्या जागी पर्यायी माणसाचं नाव टाका आणि हुद्द्यासमोर 'माजी रिपोर्टिंग मॅनेजर' असं स्पष्ट लिहा. शेजारी 'संपर्क करू का' असा हो-नाहीचा रकाना असतो. पुष्कळ फॉर्ममध्ये तो आधीच 'हो' वर असतो, तेवढा आठवणीने बदला. मग हेच सगळं रिक्रूटरला दोन ओळींच्या मेलमध्ये पाठवा, म्हणजे लेखी राहील.

पर्यायी माणूस कोण? सगळ्यात चांगला तो, जो सध्याच्या कंपनीत तुमचा वरिष्ठ होता आणि आता सोडून गेलाय. त्याने तुमचं अलीकडचं काम पाहिलंय आणि तो तुमच्या साहेबांसमोर रोज बसत नाही. तसा कोणी नसेल तर दुसऱ्या विभागातला वरिष्ठ, ज्याच्याशी कामाचा थेट संबंध होता: रिस्क, कम्प्लायन्स, ट्रेझरी. क्रेडिट ऑपरेशन्समध्ये बाहेरचे ऑडिटर आणि पॅनलवरचे वकीलही काम जवळून पाहतात, पण त्यांना तुमच्या कंपनीकडून काम मिळत असतं, त्यामुळे त्यांना अडचणीत टाकू नका. आजही तुमच्याच टीममध्ये बसणारा सहकारी शेवटचा पर्याय. तो चांगलाच बोलेल, पण सहकाऱ्याच्या शब्दाला वरिष्ठाच्या शब्दाइतकं वजन नाही, आणि ऑफिसात बातमी फुटायची ती बहुधा तिथूनच फुटते.

तीन मागितलेत तर पाच तयार ठेवा. गणपतीत कोकणात गेलेला माणूस आठवडाभर फोनवर सापडत नाही. फायनान्सवाला महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत आणि मार्च महिन्यात बोलायला मोकळा नसतो. एक जण अडकला की तुमची फाइल तिथेच थांबते, आणि बाकीचे चार उमेदवार काही थांबलेले नसतात.

आणखी एक. सीव्हीवर रेफरन्सचे नंबर कधीही छापू नका. जॉब पोर्टलवर टाकलेला सीव्ही अनेक कन्सल्टंट उतरवून घेतात आणि त्यातल्या वरिष्ठांना 'तुम्ही बदल शोधताय का' म्हणून फोन करतात. तुमच्या विश्वासावर नंबर दिलेल्या माणसाला हा त्रास नको.

जुनी_फाइल

बीजीव्हीच्या बाजूने लिहितो.

एजन्सीच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक नोकरीसमोर रंग असतो. हिरवा म्हणजे जुळलं, लाल म्हणजे तफावत. मधला पिवळा म्हणजे पडताळता आलं नाही किंवा कागद अपुरे. खोटेपणामुळे लाल शेरा येतो तसा साध्या निष्काळजीपणानेही येतो, आणि हा दुसरा प्रकार पूर्ण टाळता येतो.

विलीन झालेल्या कंपनीपासून सुरू करू. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती कोणालाही पाहता येते. जुन्या कंपनीच्या नावासमोर स्थिती 'अमॅल्गमेटेड' दिसली की ती दुसऱ्या कंपनीत गेली हे सिद्ध झालं. कर्मचाऱ्यांच्या नोंदीही तिकडेच गेलेल्या असतात, त्यामुळे पडताळणी नव्या कंपनीची एचआर करते. फॉर्ममध्ये नाव असं लिहा: 'अमुक कंपनी, आता तमुक कंपनीत विलीन', आणि संपर्क नव्या कंपनीच्या एचआरचा द्या. नुसतं जुनं नाव लिहिलं तर एजन्सी जुन्या डोमेनवर मेल टाकते, मेल परत येतो आणि पिवळा शेरा बसतो. जुना एम्प्लॉयी आयडी अवश्य द्या, कारण विलीनीकरणानंतर नवे आयडी दिले जातात आणि त्याआधी सोडून गेलेला माणूस नव्या आयडीने सापडतच नाही.

पेरोलच्या बाबतीत नियम साधा आहे: ज्याने पगार दिला आणि पीएफ भरला तो तुमचा मालक. सीव्हीवर नुसतं बँकेचं नाव असेल तर आजच दुरुस्त करा. 'अमुक एजन्सीच्या पेरोलवर, तमुक बँकेत नेमणूक' असं लिहा. यात कमीपणा काही नाही. मुंबईतल्या बँकांची कितीतरी कामं अशाच लोकांच्या जोरावर चालतात. पण फक्त बँकेचं नाव लिहिलं आणि बँकेची एचआर म्हणाली की या नावाचा आमचा कर्मचारी नव्हता, तर सरळ लाल शेरा. इथे आणखी एक चूक नेहमी होते. लोक बँकेच्या गेटवर चालणाऱ्या ॲक्सेस कार्डचा नंबर एम्प्लॉयी आयडी म्हणून भरतात. एजन्सीकडे तो नंबर नसतोच. पगाराच्या स्लिपवर एजन्सीचा कोड असतो, तो भरा.

मत सांगायला मात्र बँकेचा मॅनेजर चालतो, उलट तोच योग्य. नात्याच्या रकान्यात 'क्लायंटकडील रिपोर्टिंग मॅनेजर' असं लिहा.

फॉर्म भरण्याआधी ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, सदस्य पोर्टलवर जाऊन 'व्ह्यू'मधली 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. प्रत्येक नोकरीची सुरुवात आणि शेवट तिथे दिसतो, आणि पडताळणीवाले यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक) मागून तेच पाहतात. शेजारी रिलीव्हिंग लेटर (कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र) ठेवून तारखा ताडून पाहा. काही कंपन्या सोडण्याची तारीख म्हणून सरसकट महिनाअखेर टाकतात. मग तुम्ही १८ तारखेला सोडून २१ ला दुसरीकडे रुजू झालात तरी पोर्टलवर दोन नोकऱ्या दहा दिवस एकावर एक दिसतात. असं असेल तर फॉर्ममध्ये रिलीव्हिंग लेटरवरची तारीख लिहा आणि ते लेटर सोबत जोडा. विचारायच्या आधी खुलासा गेला की प्रश्न तिथेच मिटतो.

हुद्दा ऑफर लेटर किंवा शेवटच्या प्रमोशन लेटरवर आहे तोच. टीम तुम्हाला 'लीड' म्हणत असेल, पण कंपनीच्या नोंदीत 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह' असेल तर फॉर्मवर तेच यायला हवं. लीडचं काम जबाबदाऱ्यांच्या ओळीत लिहा.

कुठलंच कार्यालय उत्तर देत नसेल तर एजन्सी दुय्यम पुरावे घेते: ऑफर लेटर, पहिल्या आणि शेवटच्या महिन्यांच्या पगारस्लिपा, त्याच महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), पीएफ पासबुक. फॉर्म १६ हरवला असेल तर प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरून त्या वर्षाचा २६एएस, म्हणजे कापलेल्या कराचा वर्षाचा तक्ता, काढा. टीडीएस (पगारातून कापलेला कर) कापणाऱ्याचं नाव त्यात येतं. पगार इतका कमी होता की कर कापलाच गेला नाही, तर तिथे काही दिसणार नाही. मग पासबुकावरच भिस्त.

मुलुंड_चेकनाका

वरच्या दोघांनी फॉर्मची बाजू नीट मांडली आहे, पण मला वाटतं जास्त काम माणसांकडे आहे. न विचारता नाव दिलेल्या माणसाला अचानक फोन गेला की तो पहिले दहा सेकंद 'कोण?' म्हणून गोंधळतो, आणि पलीकडच्याच्या कानाला तो गोंधळ 'हा उमेदवार फारसा लक्षात राहण्यासारखा नव्हता' असा ऐकू येतो. त्याचा काही दोष नसतो.

म्हणून विचारताना नाही म्हणायला जागा ठेवून विचारा. 'माझा रेफरन्स द्याल का?' याला आपल्याकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. त्यापेक्षा असा मेसेज टाका:

'सर, नमस्कार. एका बँकेत क्रेडिट ऑपरेशन्ससाठी माझं बोलणं चालू आहे. २०१९ ते २०२२ मधल्या माझ्या कामाबद्दल मोकळेपणाने चांगलं सांगता येईल असं तुम्हाला वाटत असेल, तरच तुमचं नाव देईन. वेळेची किंवा दुसरी काही अडचण असेल तर निःसंकोच सांगा, मी दुसरं नाव देतो. सध्या ऑफिसात कोणाला माहीत नाही, तेवढं आपल्यातच ठेवावं ही विनंती.'

उत्तर लगेच आणि आनंदाने आलं तर तो माणूस पक्का. दोन दिवसांनी 'बघू, दे नाव' आलं तर धन्यवाद म्हणा आणि ते नाव वापरू नका.

होकार आल्यावर एक पानाची टिपणं पाठवा. त्यात जागेचं नाव आणि तिथलं काम, तुम्ही त्यांच्याकडे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होतात, तुमचा तेव्हाचा हुद्दा, आणि दोन-तीन कामं आकड्यांसकट. 'कर्जाच्या फाइलींचा टर्नअराउंड टाइम कमी केला' एवढं पुरत नाही. आधी किती दिवस लागत, नंतर किती, टीममध्ये माणसं किती, हे लिहा. सोबत तुमचा तोच सीव्ही जोडा जो बँकेकडे गेलाय. तुम्ही मुलाखतीत आठ जणांची टीम म्हणालात आणि साहेबांना तीनच आठवले, तर फोनवर त्याचा अर्थ फुगवून सांगितलं असाच होतो. प्रत्यक्षात सुरुवातीला तीन असतील आणि शेवटी आठ, पण हे तेव्हा समजावून सांगायला तुम्ही तिथे नसता.

टिपणात वाक्यं लिहून देऊ नका. तीन माणसं एकाच शब्दांत कौतुक करायला लागली की विचारणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

फोनवर काय विचारतात तेही त्यांना सांगून ठेवा. ओळख कशी आणि किती काळाची, नेमकं काम काय, दबावाखाली कसं वागणं, सुधारायला हवी अशी एक गोष्ट, नोकरी का सोडली, आणि शेवटी: संधी मिळाली तर यांना पुन्हा कामावर घ्याल का? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तराकडे सगळ्यात जास्त लक्ष असतं. तिथे क्षणभर थांबणंही ऐकू जातं. सुधारणेच्या प्रश्नावर 'काहीच नाही, एकदम उत्तम' हे उत्तर मदत करत नाही, पढवल्यासारखं वाटतं. खरी, छोटी आणि या जागेच्या आड न येणारी गोष्ट हवी. क्रेडिट ऑपरेशन्समध्ये 'प्रेझेंटेशनला थोडा घाबरायचा' चालेल. 'कागद तपासताना घाई करायचा' हे मात्र नोकरी घालवेल.

फोनचीही व्यवस्था लागते. अनोळखी नंबर आता कोणी उचलत नाही, त्यातून १४० ने सुरू होणारा असेल तर अजिबातच नाही. रिक्रूटरला विचारा की फोन कोण करणार, कोणत्या नंबरवरून आणि साधारण कोणत्या दिवशी. ते रेफरन्सला कळवा. सकाळी आठ ते साडेदहा आणि संध्याकाळी सहानंतर अर्धी मुंबई गाडीत उभी असते. तिथे शेजारच्याच्या कानाजवळ कोणाबद्दल मोकळं बोलता येत नाही. अकरा ते एक किंवा चार ते साडेपाच ही वेळ फॉर्ममध्येच सुचवा. माणूस दुबईत असेल तर ते आपल्यापेक्षा दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे. हेही फॉर्ममध्ये लिहायचं, बँकेतल्या मुलीने हिशोब करत बसू नये.

ईमेल शक्यतो ऑफिसचाच द्या. जीमेलवरून आलेला रेफरन्स अनेक ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत, कारण तसं खातं कोणीही कोणाच्याही नावाने उघडू शकतो. माणसाने ती कंपनी सोडली असेल तर आताच्या ऑफिसचा ईमेल आणि लिंक्डइन प्रोफाइलची लिंक द्या. प्रोफाइलवर त्या जुन्या कंपनीतला त्याचा काळ तुमच्या काळाशी जुळतो ना, तेवढं आधी पाहून घ्या.

सातबावन्नची_फास्ट

खूप आभार, सीव्हीवर खरंच फक्त बँकेचं नाव होतं, ते आत्ताच दुरुस्त केलं.

अजून दोन शंका. सर्व्हिस हिस्ट्रीत २०२२ च्या एजन्सीसमोर सोडल्याची तारीखच नाही, तिथे नुसती रेघ आहे. आणि पहिल्या कंपनीतल्या थेट साहेबांशी शेवटी पटलं नव्हतं. त्यांना टाळून दुसऱ्या कोणाचं नाव दिलं तर संशय येईल का?

जुनी_फाइल

तारीख तुम्हालाच टाकता येते. सोडून दोन महिने झाले असले की पोर्टलवर 'मॅनेज' मध्ये 'मार्क एग्झिट' चालतं. त्या एजन्सीचा पीएफ क्रमांक निवडायचा, तारीख आणि कारण भरायचं, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा जमा झालाय त्याच महिन्यातली तारीख घेतली जाते, म्हणून आधी पासबुक बघा. रिलीव्हिंग लेटरवरचीच तारीख टाका आणि बटण दाबण्याआधी दोनदा वाचा. एकदा नोंद झाली की बदलायला जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे दुरुस्तीचा वेगळा अर्ज, करावं लागतं आणि काही वेळा त्याला कंपनीची मान्यताही लागते. शुक्रवारच्या आत हे उरकून घ्या, कारण तारीख कोरी असली की दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखं दिसतं.

पार्ल्याची_भरती

साहेबांना टाळलं तर संशय येत नाही. त्याला सात वर्षं झाली आहेत, आणि रेफरन्स घेणाऱ्याला अलीकडची माणसं जास्त हवी असतात. पहिल्या कंपनीतून कोणी दिलंच नाही तरी चालेल. द्यायचंच असेल तर साहेबांच्या वरचे साहेब, किंवा ज्या विभागासाठी तुम्ही काम करत होतात तिथले प्रमुख. त्या काळातली अप्रेझलची पत्रं असतील तर काढून ठेवा, कोणी खोदून विचारलं तर मत कागदावर दाखवता येतं.

एचआरची भीती असेल तर तीही तपासता येते. ज्या कंपनीत विलीन झाली तिच्या एचआरला मेल टाकून दोन गोष्टी विचारा: माझ्या नोंदीत एग्झिट स्टेटस काय आहे, आणि मी पुन्हा नेमणुकीस पात्र दिसतो का. 'ॲब्सकाँडिंग' (न सांगता काम सोडलं) असा शेरा असेल, किंवा फुल अँड फायनलची, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाची, रक्कम तुमच्याकडून बाकी दाखवत असेल, तर ते आत्ता कळलेलं बरं. रक्कम भरून रिलीव्हिंग लेटर मिळवता येतं, पण त्याला आठवडे लागतात. आणि एचआरने फक्त तारखा आणि हुद्दा सांगून फोन ठेवला तर घाबरू नका. अनेक मोठ्या कंपन्यांचं धोरणच तेवढं आहे, ते वाईट मत नव्हे.

मुलुंड_चेकनाका

राजीनाम्याबद्दल एक राहिलं. ऑफर लेटरमध्ये 'समाधानकारक पडताळणीच्या अधीन' असं कलम असतं. ते आलं की लगेच ९० दिवसांची नोटीस देऊ नका. ऑफर मेलवर स्वीकारा आणि त्याच मेलमध्ये विनंती करा की आधीच्या दोन नोकऱ्यांची पडताळणी राजीनाम्याआधी पूर्ण करावी आणि सध्याच्या कंपनीची रिलीव्हिंग लेटर आल्यावर. पुष्कळ बँका मान्य करतात, कारण जुन्या नोकऱ्या तपासायला त्यांना तुमच्या राजीनाम्याची गरज नसते. त्या दोन्ही नोकऱ्यांसमोर हिरवा आल्याचं लेखी कळलं की मगच साहेबांच्या केबिनमध्ये जा.

आणि ज्यांनी फोनवर तुमच्यासाठी वेळ काढला त्या तिघांना निकाल कळवा, नाही झालं तरी. दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी पुन्हा त्यांचंच नाव द्यावं लागू शकतं.

सातबावन्नची_फास्ट

एग्झिटची तारीख भरली, ओटीपी येऊन नोंद झाली. दोन जणांना मेसेज गेलेत, एकांचा होकार आलाय. रिक्रूटरला मेल आज रात्री टाकते.